निळ्या टोपणाची बाटली

हॉस्पिटलात तिला सगळे दोनदाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. औषधाची कुठलीही बाटली हातात आली की ती लेबल एकदा मनात वाचायची, एकदा मोठ्याने वाचायची, आणि मगच बाटली फार्मसीच्या खिडकीतून बाहेर जायची. पलीकडे वॉर्डबॉय पाय आपटत उभा असो की टेबलावरचा फोन कोकलत असो, बाईंचं वाचन व्हायचंच. "एवढ्यात पेशंट बरा होऊन घरी जाईल," असं एकदा एक वॉर्डबॉय वैतागून म्हणाला. तिने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि लेबल तिसऱ्यांदा वाचलं.

कारण अगदी साधं होतं. बाई घाबरट होती. लहानपणी भावंडं तिला भित्री भागूबाई म्हणून चिडवायची, आणि चिडवण्यात तथ्य होतं. ती विजेला भ्यायची, कुत्र्याला भ्यायची, कडी नीट लागली नसेल या विचाराने अंथरुणातून उठायची. लग्नानंतर नवऱ्याने हे सगळं हसत हसत पत्करलं. फिरायला निघाल्यावर कोपऱ्यापर्यंत जायचं आणि गॅस बंद केलाय का ते बघायला परत यायचं, हा त्याने फिरण्याचाच एक भाग मानला होता. व्यायाम होतो, म्हणायचा.

अशा बाईने औषधांच्या वाटेला जावं हे तिच्या आईलाही पटलं नव्हतं. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात सरांनी समजावलं होतं की चुकीची बाटली आणि बरोबर बाटली कपाटात शेजारी शेजारी उभ्या असतात आणि दोघी सारख्याच शहाण्या दिसतात. बाकीच्या मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं. हिने मनाला लावून घेतलं, ते कायमचं.

मग साथ आली आणि सगळं जगच घाबरट झालं. आपल्यासारखे आणखी कोणी भेटले की माणसाला बरं वाटतं म्हणतात, हिला अजिबात बरं वाटलं नाही. आजवर ती घाबरली की कोणीतरी हसायचं आणि त्या हसण्याने तिला धीर यायचा. आता हसणारे मोठमोठे डॉक्टरसुद्धा जिन्याच्या कठड्याला हात लावताना बिचकत होते. कॉरिडॉर मधोमध जाड प्लास्टिकच्या पडद्याने तोडला होता आणि पडद्याला एक लांबलचक चेन शिवली होती. पडद्याच्या पलीकडे आयसीयू. अलीकडे एक टेबल, त्यावर फार्मसीने औषधांचा ट्रे ठेवायचा, मागे सरायचं, मग आतून कोणीतरी पांढऱ्या किटमधलं यायचं आणि ट्रे उचलून न्यायचं. ती चेन उघडताना जो आवाज व्हायचा त्याने बाई रोज आणखी दोन पावलं मागे सरायची.

घरी सासूबाई होत्या आणि त्यांना दमा होता. बाई ड्युटीवरून आली की मागच्या दाराने थेट न्हाणीघरात, तिथून मागच्या खोलीत. ताट दाराबाहेर यायचं. लेक खिडकीतून हात हलवायची. सासूबाई दाराच्या पलीकडे खुर्ची टाकून बसायच्या आणि मोठ्याने विचारायच्या, "आज कोण कोण घाबरलं गं तुझ्या हॉस्पिटलात?"

"सगळेच, आई."

"मग तुला सोबत झाली. माझी काळजी करू नकोस. मला न्यायला यमाला दम लागेल."

बाईला हसू यायचं नाही. सासूबाई हसल्या की त्यांना खोकला यायचा, आणि तो खोकला नेहमीचा आहे का नवीन, हे ती दाराला कान लावून ऐकत बसायची.

तर अशा तिला दोन गोष्टींची भीती होती. एक, आपण हा रोग घरी नेऊ. दुसरी जुनीच, आपल्या हातून चुकीचं औषध जाईल. साथीने ही दुसरी भीती चौपट केली होती. नेहमीच्या कंपन्यांची औषधं मिळेनाशी झाली. जे मिळेल ते, जिथून मिळेल तिथून यायला लागलं. रोज खोके फोडावेत तर आत वेगळंच लेबल, वेगळीच अक्षरं, वेगळ्याच आकाराची बाटली.

आयसीयूत दोन औषधं सतत लागत. ज्यांच्या घशात नळी घालून श्वास यंत्रावर सोपवला आहे, त्या माणसांना झोपवून ठेवणारं एक. आणि नळी घालताना अंग साफ सैल करणारं दुसरं. हे दुसरं औषध भयंकर. ते माणसाला झोपवत नाही, फक्त त्याचा एकेक स्नायू बंद करतं. माणूस आतून जागाच राहतो आणि पापणीसुद्धा हलवू शकत नाही. म्हणून ते कधीही एकटं द्यायचं नाही, आधी झोप आणि मगच हे.

दुर्दैवाने दोन्ही औषधांची नावं एका चालीची. एरवी काही बिघडलं नसतं. पण आता आतली माणसं दोन दोन मास्क लावून, त्यावर काचेचा पडदा लावून बोलत होती, आणि फोनवर सगळ्यांचा नुसता भुंग्यासारखा आवाज यायचा. एकदा बाईने तिसऱ्यांदा "कुठलं, कुठलं?" विचारल्यावर पलीकडून मोठ्या सिस्टर ओरडल्या, "अहो ताई, झोपेचं! झोपेचं! मी इथे घामाने निथळतेय आणि तुम्ही परीक्षा घेताय!"

त्यावर बाईनेच तोड काढली. झोपेच्या औषधाचं टोपण निळं होतं, अंग सैल करणाऱ्याचं लाल. "नाव सांगूच नका," ती म्हणाली. "निळी म्हणा नाहीतर लाल म्हणा. रंग मास्कमधूनही ऐकू येतो आणि धुकं धरलेल्या काचेतूनही दिसतो."

ही युक्ती सगळ्यांना फारच आवडली. दोन दिवसांत अख्खा आयसीयू निळी-लाल बोलायला लागला. कामाचा झपाटा वाढला. मोठे डॉक्टर फार्मसीच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही आमचा जीव वाचवलात." इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कोणी प्रथमच म्हणत होतं. त्या रात्री तिने दाराआडून सासूबाईंनाही ते सांगितलं. फुशारकी मारायची तिला सवय नव्हती, त्यामुळे सांगतानाही तिचे कान गरम झाले.

आणि मग अंग सैल करणारं औषध एका नव्या कंपनीचं आलं. बाईने खोका फोडला, बाटली उजेडात धरली. टोपण निळं होतं.

परत पाठवावं तर दुसरं मिळणार नव्हतं. आत नळी घालायची वाट बघत माणसं पडली होती. तिने लगेच आयसीयूला फोन करून सांगितलं, मोठ्या सिस्टरकडून वदवून घेतलं, आणि वर स्वतः बसून प्रत्येक बाटलीच्या टोपणावरून मानेपर्यंत लाल चिकटपट्टी गुंडाळली. एकेक पट्टी नखाने दाबून बसवली. ओढून बघितली. निघेना. मग तिने बाटल्या फ्रीजमध्ये ठेवल्या, कारण ते औषध थंडच ठेवावं लागतं. निम्म्या बाटल्या आयसीयूच्या फ्रीजसाठी ट्रेमधून गेल्या.

इथे तिचं चुकलं. चूक अशी, की ती फार्मसीवाल्या माणसाशिवाय कोणी केलीच नसती. तिने पट्टी ओढून बघितली ती कोरड्या बाटलीवर. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो हे तिला माहीत नव्हतं असं नाही. लेबल ओलं होऊन शाई फुटते म्हणून ती स्वतःच सगळ्यांच्या मागे लागायची की थंड बाटली पुसून घ्या. पण तिचं सगळं लक्ष आयुष्यभर लेबलावर. पट्टीकडे तिने त्या नजरेने पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फार्मसीचा फ्रीज उघडला, एक बाटली काढली, काहीतरी आठवून खाली टेबलावर ठेवली, आणि फोन घेतला. फोन संपवून वळली तर बाटली ओली झाली होती आणि तिची लाल पट्टी शेजारी टेबलावर पडली होती. वेटोळं होऊन, जशी काही कधी चिकटलीच नव्हती. बाटली निळ्या टोपणाने उभी होती.

तिने दुसरी बाटली काढली, पदराने पुसली, पट्टीला नख लावलं. अलगद हातात आली.

तिने आयसीयूचा फोन फिरवला. वाजला, वाजला आणि बंद झाला. पुन्हा फिरवला. आत सगळे किटमध्ये. पेशंटला पालथं करायला चार जण लागत, तेव्हा फोन उचलायला पाचवं माणूस नसायचं. तिने मोठ्या डॉक्टरांना लावला, तोही नुसता वाजत राहिला. तिसऱ्यांदा फिरवता फिरवताच तिने रिसीव्हर तसाच लोंबकळत सोडला आणि पळत सुटली.

साथ सुरू झाल्यापासून ती त्या पडद्यापलीकडे गेली नव्हती. जायचं कारणच पडू नये अशीच तिने सगळी व्यवस्था लावली होती. कॉरिडॉरच्या टोकाला किटचा गठ्ठा ठेवलेला असे. तिने एक ओढून काढला. पाय घालताना तोल गेला, भिंतीला धरलं. मास्क लावला, त्यावर दुसरा लावला, चष्म्यावर काचेचा पडदा ओढला. श्वास घेतला तशी काच पांढरी झाली. ती चेनसमोर उभी राहिली. सासूबाईंचा खोकला तिला कानात स्पष्ट ऐकू आला. परत फिर, फोन कर, कोणीतरी उचलेल, असं तिचं अर्धं मन सांगत होतं. आणि उरलेलं अर्धं मन एवढंच सांगत होतं की आत कोणीतरी औषधांच्या ट्रॉलीकडे हात नेत असेल.

तिने चेन वर ओढली.

आत दिव्यांचा उजेड होता आणि यंत्रांचा आवाज होता. माणसं होती पण माणसांचा आवाज नव्हता. तिला कोणी ओळखलं नाही. किटमध्ये सगळे सारखेच. ती सरळ ट्रॉलीकडे गेली. निळ्या टोपणांचा ट्रे. एक बाटली उचलली, डोळ्यांना लावली, धुक्यातून वाचली. झोपेची. दुसरी, झोपेची. तिसरी हाताला गार नव्हती, पण लेबल ओलसर होतं. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात लाल पट्ट्या पडल्या होत्या.

नंतर सगळं समजलं. सकाळी एका नव्या पेशंटला नळी घालायची होती म्हणून बाटल्या फ्रीजमधून काढल्या, काही उरल्या, ट्रॉलीवर राहिल्या. घाम सुटला, पट्ट्या सुटल्या, आणि कोणीतरी आवराआवर करताना निळी टोपणं निळ्या टोपणांत नीट रांगेने लावून ठेवली.

"सिस्टर!" ती म्हणाली. आवाज बाहेर पडला का नाही हेही तिला कळलं नाही. "सिस्टर, मी फार्मसीतली. यातली कोणाला दिलीत?"

मोठ्या सिस्टर कोपऱ्यातल्या खाटेशी उभ्या होत्या. "ताई? तुम्ही आत?" त्या चकित होऊन म्हणाल्या. "कुठली, निळी? आत्ताच ह्या शिंपीकाकांची सिरिंज संपली होती, ती भरून लावली की पंपाला. बघा ना, सकाळपासून किती धडपडत होते, आणि आता कसे शांत पडलेत." मग त्या खाटेशीच उभ्या राहून, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झोपलेत तेच बरं म्हणा. बायको गेली त्यांची सकाळी, खालच्या वॉर्डात. मुलाचा फोन आला होता. उठल्यावर ह्यांना कोणी सांगायचं, देव जाणे."

बाईने खाटेकडे पाहिलं. शिंपीकाका उताणे पडले होते. वयस्क, हडकुळे, तोंडात नळी. एकही बोट हलत नव्हतं. वरच्या पडद्यावर त्यांच्या हृदयाचे ठोके मात्र पळत होते, जिवाच्या आकांताने पळावं तसे. पापण्या पुऱ्या मिटलेल्या नव्हत्या. फटीतून पाणी येऊन कानाच्या पाळीपर्यंत ओघळलं होतं.

"हे जागे आहेत," बाई म्हणाली.

"काय?"

"जागे आहेत हे! सिस्टर, हे जागे आहेत! डॉक्टर! डॉक्टर!"

आयुष्यात ती इतक्या मोठ्याने कधी ओरडली नव्हती. पलीकडच्या खाटेजवळून ड्युटीवरचे डॉक्टर धावत आले. तिने बाटली त्यांच्या काचेसमोर धरली. त्यांनी वाचलं, पंपाकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि एक क्षणही न घालवता म्हणाले, "पंप बंद. झोपेचं, थेट शिरेत, आत्ताच. मॅडम, बाटली तुम्ही वाचून द्या."

तिने बाटली उचलली. तिने मोठ्याने वाचलं. डॉक्टरांनी वाचलं. सिस्टरनी वाचलं आणि भरायला घेतलं, पण त्यांना दिसेना. त्यांच्या काचेच्या आत पाणी साचलं होतं आणि किटमध्ये डोळे पुसायची सोय नसते. सिरिंज डॉक्टरांनी भरली.

औषध चढायला जो वेळ लागतो तो फार नसतो. पण तेवढ्या वेळात तो माणूस तिथे एकटा होता. कोणी सांगितल्याशिवाय बाई वाकली आणि तिने त्यांच्या कानाशी तोंड नेलं. ज्या हवेला ती महिनेच्या महिने भ्याली होती, ती हवा आता तिच्या तोंडाशी होती.

"काका," ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू येतंय, मला माहीत आहे. घाबरू नका. म्हणजे... घाबरणारच तुम्ही. मीही घाबरलेय. पण तुम्हाला काही झालेलं नाही. अंग लुळं पडलेलं नाही, तुम्ही मेला नाहीत. चुकीचं औषध गेलं. चूक माझी आहे. ते उतरतं, काका, नक्की उतरतं. तुमचा श्वास मशीन घेतंय, तो थांबणार नाही. आता झोप येईल. मी इथेच आहे."

तेच तेच ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. पडद्यावरचे ठोके हळूहळू उतरले. डॉक्टरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती थांबली.

आयसीयूतली एकेक निळी बाटली तिने तिथेच उभी राहून तपासली. आणखी कोणाला गेली नव्हती. मग ती आणि सिस्टर पडद्याजवळ आल्या आणि सिस्टर तिचा हात धरून म्हणाल्या, "ताई, मी काय बोलले हो त्यांच्यासमोर?"

रंग तिने दिले होते. तिने रंग दिले नसते तर सिस्टरनी नाव वाचलं असतं, कितीही घाम आला असता तरी वाचलं असतं. ती एवढंच म्हणाली, "कदाचित ऐकलं नसेल." दोघींनाही ते खोटं वाटलं.

मोठ्या डॉक्टरांना तिने त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न गाळता. नोकरी जाईल, परवाना जाईल, असं तिला वाटत होतं. ते म्हणाले, "रंगांचं आम्हाला सगळ्यांना आवडलं होतं, मॅडम. मलासुद्धा." त्या दिवसापासून निळी-लाल बोलणं बंद झालं. अंग सैल करणारं औषध कुलपाच्या वेगळ्या डब्यात गेलं, आणि बाटली उघडायची तर दोघांनी लेबल मोठ्याने वाचायचं असं ठरलं. आयसीयूत आता सगळेच दोनदा वाचत होते. बाईला त्याचा आनंद झाला नाही.

घरी ती मागच्या खोलीत शिरली आणि आतून कडी लावली. ताट तसंच राहिलं. नवऱ्याने दारापलीकडून दोनदा हाक मारली. शेवटी तिने सांगितलं. तो काही थट्टा करील असं तिला वाटलं, निदान त्या दिवशी करावी असंही वाटलं. तो म्हणाला, "मी इथे बसतो." आणि रात्रभर दाराच्या त्या बाजूला तो टेकून बसलेला तिला कळत होता. सासूबाई खोकत होत्या. खोकला नेहमीचाच होता.

शिंपीकाका वाचले. वाचतील असं कोणालाच वाटलं नव्हतं, पण एके दिवशी नळी निघाली, आणखी काही दिवसांनी ते साध्या वॉर्डात आले. मुलगा आता रोज किट घालून थोडा वेळ भेटून जायचा. त्याने अजून आईचं सांगितलं नव्हतं. ती घरी आहे, बरी आहे, तुमची आठवण काढते, असंच सांगत होता. डॉक्टर म्हणाले होते, जरा शक्ती येऊ द्या.

जे झालं ते पेशंटला सांगायचं, असं मोठ्या डॉक्टरांनी आणि तिने ठरवलं होतं. डॉक्टर तिच्यासोबत यायला तयार होते. "मी एकटी जाते," ती म्हणाली आणि म्हणाल्याबरोबर पस्तावली. वॉर्डाच्या दाराशी ती किट घालून इतकी रेंगाळली की आतल्या सिस्टरनी विचारलं, कोणाला शोधताय.

काका उशीला टेकून बसले होते. नळीने आवाज बसला होता, नुसती हवा निघायची. तिने स्वतःची ओळख दिली आणि जे घडलं ते सांगितलं. बाटली, रंग, पट्टी, फ्रीज. सांगताना ती त्यांच्या हातांकडे बघत होती. कातरीने घट्टे पडलेला अंगठा चादरीवरून हळूहळू फिरत होता.

"तो आवाज तुमचा होय," ते म्हणाले.

तिने मान हलवली.

"मला वाटलं होतं मी मेलो. आणि मेल्यावर असंच असतं, सगळं ऐकू येतं आणि कोणाला हाक मारता येत नाही. मग तुम्ही आलात. तुमचा आवाज कापत होता. म्हटलं, चला, कोणीतरी घाबरलंय, म्हणजे मी जिवंत आहे."

"माफ करा, काका."

त्यांनी डोळे मिटले. "ते मला अजून ठरवता येत नाही, बाई. ताकद नाही." मग डोळे न उघडताच म्हणाले, "तुमच्या आधी त्या सिस्टर बोलल्या. तेही ऐकलं मी."

तिने खाटेची कड धरली.

"मुलगा रोज येतो," काका म्हणाले. "रोज दारात थांबतो, मान खाली घालतो, मग आत येऊन म्हणतो आई बरी आहे. मी म्हणतो, बरं. आज सांगणार आहे. काल डॉक्टरांशी बोलताना ऐकलं मी त्याला." त्यांनी डोळे उघडले. "त्याला कळू देऊ नका की मला कळलंय. आणि कसं कळलं तेही. त्याला वाटेल, त्या वेळी बाबा तसे पडले होते आणि... त्याला सहन होणार नाही. तेवढं करा माझ्यासाठी."

"करते," ती म्हणाली.

दारात किट घातलेला मुलगा उभा होता. थांबला होता. काचेमागे त्याला तोंड पुसता येईना म्हणून तो नुसताच मान खाली घालून उभा होता. बाई बाजूला झाली, बाहेर आली. दाराला काच होती.

मुलगा खाटेशी बसला. त्याने वडिलांचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलायला लागला, मध्येच अडला, पुन्हा बोलला. वडील त्याच्याकडे टक लावून बघत होते, जणू हे सगळं पहिल्यांदा ऐकतायत. मग त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं आणि त्या बसलेल्या घशातून एक आवाज फुटला. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. हात, खांदे, मान, अख्खं अंग हलवून ते रडत होते. मुलगा त्यांना कवटाळून सांगत होता, "बाबा, सावरा, बाबा, मला लवकर सांगता आलं नाही, माझं चुकलं."

बाई काचेबाहेर उभी होती. आत जाऊन त्या मुलाला सांगावं, बाळा, तुझं नाही चुकलं, त्यांना तेव्हाच कळलंय, असं तिला फार वाटलं. पण तिने शब्द दिला होता. फार्मसीतून बोलावणं आलं, तरी तिला तिथून हलता येईना.